गब्बर मेला की पकडला गेला?

‘शोले’च्या शेवटी गब्बरसिंगाचे काय होते? ज्याने हा चित्रपट पहिल्या पंधरा वर्षांत थिएटरात किंवा जत्रेच्या तंबूत पाहिला, तो सांगेल की पोलीस वेळेवर येतात आणि त्याला घेऊन जातात. ज्याने तो नंतर कधीतरी विशिष्ट कॅसेटवर किंवा डीव्हीडीवर पाहिला, तो तितक्याच ठामपणे सांगेल की गब्बर मरतो, ठाकूर त्याला खिळे ठोकलेल्या बुटांनी तुडवून संपवतो. दोघांचेही खरे आहे. एकाच चित्रपटाचे दोन शेवट गेली काही दशके आपल्यात शेजारी शेजारी नांदत आहेत.

२७ जून २०२५ रोजी इटलीतल्या बोलोन्या शहरात, पियात्सा माज्जोरे या चौकात, उघड्या आकाशाखाली ‘शोले’ची दुरुस्त केलेली प्रत दाखवली गेली. तीत गब्बर मरतो. १२ डिसेंबर २०२५ रोजी तीच प्रत भारतातल्या थिएटरांत लागली. पन्नास वर्षांनी दिग्दर्शकाला त्याचा शेवट परत मिळाला, असे सर्वत्र लिहिले गेले. ते योग्यच आहे. पण तो शेवट मधल्या काळात जिवंत कुठे होता, हे फारसे कुणी सांगितले नाही. तो लोकांपर्यंत आला तो घरगुती कॅसेटमधून, म्हणजे ज्या वस्तूला सिनेमाचे जाणकार नाक मुरडत, तिच्यातून. ही गोष्ट नीट मांडायची, तर आधी ‘शोले’ ज्या कुळात जन्मला त्या कुळाकडे पाहावे लागते.

गल्लाभरू कुळ

अमेरिकी वेस्टर्न म्हणजे घोडा, बंदूक, ओसाड मुलूख आणि कायदा अजून न पोहोचलेले गाव. १९६०च्या दशकात इटालियन निर्मात्यांनी हा प्रकार उचलला आणि स्पेनच्या माळावर स्वस्तात चित्रपट काढले. सर्जो लिओनेचा ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ १९६४चा, ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ १९६८चा. लिओनेच्या मागून आलेले बहुतेक चित्रपट मात्र निव्वळ गल्लाभरू होते. सूड, चाबूक, रक्त आणि भडक पोस्टर एवढ्या भांडवलावर ते चालत. जपानमध्ये अकिरा कुरोसावाने १९५४ साली ‘सेव्हन सामुराई’ केला होता. दरोडेखोरांपासून गाव वाचवण्यासाठी भाडोत्री लढवय्ये आणायचे, ही त्याची कथा अमेरिकेने १९६० साली ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’मध्ये घेतली, आणि तिथून ती जगभर फिरली.

आपल्याकडे ही कथा आली तेव्हा तिला घर आयते मिळाले. चंबळचे डाकू वर्तमानपत्रांत होतेच. ‘मदर इंडिया’ (१९५७), ‘जिस देश में गंगा बहती है’ (१९६०), ‘गंगा जमुना’ (१९६१), ‘मुझे जीने दो’ (१९६३) ही त्या काळातली मोठी नावे. या चित्रपटांतला डाकू परिस्थितीने बिघडलेला माणूस असे. त्याने शस्त्र टाकावे, अशी प्रेक्षकाचीही इच्छा असे. त्यामागे त्या काळाची हवा होती. मे १९६०मध्ये चंबळच्या खोऱ्यात काही डाकूंनी विनोबा भाव्यांपुढे शस्त्रे ठेवली. हेच विनोबा १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे गीतेवर बोलले होते आणि साने गुरुजींनी ते शब्द उतरवून घेतले होते. गुन्हेगाराशी बोलता येते, हा विश्वास आपल्या भागात असा तुरुंगाच्या भिंतीआड बसून घडला आहे. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’मधला (१९५७) तुरुंगाधिकारी सहा खुन्यांना घेऊन शेती करतो, त्याच्याही मागे औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा प्रयोग होता.

१९७०नंतर ही हवा पालटली. राज खोसला यांच्या ‘मेरा गाँव मेरा देश’मध्ये (१९७१) एक हात गमावलेला जुना सैनिक एका भुरट्या चोराला गावात आणतो आणि डाकू जब्बरसिंगाशी लढायला उभा करतो. त्या सैनिकाची भूमिका जयंत यांनी केली होती. चार वर्षांनी गब्बर झालेले अमजद खान हे त्यांचेच चिरंजीव. नरेंद्र बेदी यांच्या ‘खोटे सिक्के’मध्ये (१९७४) पाच टवाळ चोर एका गावाच्या मदतीला जातात आणि काळ्या वेशातला फिरोज खान घोड्यावरून सूड शोधत हिंडतो. १९७५च्या ‘काला सोना’त तोच फिरोज खान पुन्हा घोड्यावर आहे. तेलुगूत ‘मोसगाळ्ळकु मोसगाडु’ने (१९७१) तर थेट काउबॉयची टोपीच घातली. एप्रिल १९७२मध्ये जौरा इथे जयप्रकाश नारायणांपुढे डाकूंनी पुन्हा शस्त्रे ठेवली, पण तोवर पडद्यावरच्या डाकूने शरण येणे सोडून दिले होते. आता त्याला मारायचे, एवढाच प्रश्न उरला होता. या गल्लाभरू कुळातला सर्वांत खर्चिक, सर्वांत देखणा मुलगा म्हणजे ‘शोले’.

खानदेशातून पाहताना

नंदुरबार जिल्ह्यातून या कथेकडे पाहिले की तिच्यातले एक-दोन धागे वेगळे दिसतात. घोडा आपल्याला परका नाही. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला भरणारा घोडेबाजार देशभर माहीत आहे. डाकू हा शब्द मात्र इथे जपून वापरावा लागतो.

१८१८ नंतर इंग्रजांचा अंमल खानदेशावर आला, तेव्हा सातपुड्यातले भिल्ल त्यांच्या कागदांत लुटारू म्हणून नोंदले गेले. त्यांच्याशी लढून भागेना, तेव्हा १८२५ साली जेम्स औट्रम याने भिल्लांचीच पलटण उभारली आणि त्यांनाच मुलखाच्या बंदोबस्ताला लावले. ठाकूर बलदेवसिंगाने जय आणि वीरू या दोन भुरट्यांना पैसे देऊन रामगढात आणले, त्याच्या दीडशे वर्षे आधीची ही युक्ती. पुढे १८५७ साली सेंधव्याच्या घाटाची राखण केलेला खाज्या नाईकच इंग्रजांवर उलटला. सरकारच्या दप्तरात तो बंडखोर, सातपुड्यातल्या माणसांच्या आठवणीत नायक. कायद्याच्या बाजूचा माणूस आणि कायद्याबाहेरचा माणूस यांच्यातली रेघ इथे किती वेळा पुसली आणि पुन्हा ओढली गेली, हे पाहिले की गब्बरला कोणी मारावे हा प्रश्न नुसता करमणुकीचा राहत नाही.

दुसरा धागा याहून अवघड आहे. अमेरिकी वेस्टर्नमध्ये मूळ रहिवासी बहुतेक वेळा शत्रू असतात, टेकडीआडून आरोळी ठोकत येणारे. आपल्या डाकूपटांनी ती जागा डाकूंना दिली आणि आदिवासी माणूस बहुधा नाचगाण्यापुरता ठेवला. ज्या जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे, तिथल्या प्रेक्षकाने टाळ्या वाजवल्या त्या ठाकुरासाठी. रामगढात शेतकरी आहेत, इमामसाहेब आहेत, मावशी आहे, टांगेवाली आहे. डोंगर आहे तो फक्त गब्बरचा. डोंगरातून उतरतो तो लुटायलाच येतो, ही पडद्यावरची रीत डोंगरातून बाजाराला उतरलेल्या माणसाने मांडी घालून पाहिली. त्याने ती कशी पाहिली, हे कुणी लिहून ठेवलेले नाही. मराठी चित्रपटविषयक लेखनातली ही मोठी पोकळी आहे.

चौकट आणि शेवट

‘शोले’चे चित्रण ऑक्टोबर १९७३मध्ये बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकांत सुरू झाले. गाव उभे केले कला दिग्दर्शक राम येडेकर यांनी. सुरुवातीची रेल्वेची मारामारी आपल्या पनवेल-उरण मार्गावर चित्रित झाली. छायालेखन द्वारका दिवेचा यांचे, संकलन माधव शिंदे यांचे. नऊ नामांकनांपैकी ‘शोले’ला एकच फिल्मफेअर मिळाले, ते शिंद्यांच्या संकलनाला. अहमद झालेले सचिन आणि कालिया झालेले विजू खोटे आपल्या ओळखीचे आहेतच. हा चित्रपट हिंदी असला, तरी त्यात मराठी हात बरेच होते.

त्याच्या चौकटीची गोष्ट पुढच्या विषयासाठी महत्त्वाची आहे. ७० मिमीचा कॅमेरा आणि कच्ची फिल्म परवडणारी नव्हती. म्हणून चित्रण ३५ मिमीच्या साध्या, जवळजवळ चौकोनी चौकटीत झाले आणि नंतर ते परदेशी प्रयोगशाळेत ७० मिमीवर वाढवले गेले. ७० मिमीच्या पडद्याची रुंदी उंचीच्या २.२ पट. साध्या चौकटीची सुमारे १.३७ पट. याचा हिशोब केला तर वाढवताना मूळ चित्राच्या उंचीतला एक तृतीयांशाहून अधिक भाग वर-खाली कापला जातो. म्हणून कॅमेऱ्याच्या काचेवर रेघा आखून, त्या रेघांच्या आतच चित्र बसवत काम चालले. रेघांच्या बाहेरचेही फिल्मवर उमटत होते, पण ते कुणी पाहायचे नव्हते.

शेवटाचा प्रसंग असा चित्रित झाला होता. हात तोडलेला ठाकूर गब्बरचे हात खिळ्यांच्या बुटांनी ठेचतो आणि मग जिथे त्याचे स्वतःचे हात तुटले, त्याच खांबांपाशी गब्बरला ढकलतो. खांबातून निघालेल्या अणकुचीदार सळीवर गब्बर मरतो. आणि मग ठाकूर रडतो. ज्या सुडासाठी तो जगला तो संपला, आता जगण्याला निमित्त उरले नाही. त्याला आधार देतो तो वीरू.

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी लागली. चित्रपट १५ ऑगस्टला लागायचा होता. सेन्सॉरने हरकत घेतली. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेऊन माणूस मारावा, हे चालणार नव्हते, आणि खिळ्यांच्या बुटांची हिंसाही नको होती. रमेश सिप्पींचा विरोध होता, पण कोट्यवधी रुपये अडकलेले होते. सोव्हिएत रशियात गेलेल्या संजीवकुमारांना बोलावून घेऊन शेवट पुन्हा चित्रित केला गेला. आता ऐन क्षणी पोलीस येतात, शिक्षा देण्याचा अधिकार कायद्याचा आहे असे ठाकुराला सांगतात आणि ठाकूर थांबतो.

हा बदल काही मिनिटांचा. पण नागरिकांना विनाचौकशी तुरुंगात टाकले जात होते, त्याच महिन्यांत पडद्यावर मात्र कायदा गब्बरलाही चौकशीचा हक्क देत होता. बदललेला शेवट हा त्या सरकारने स्वतःविषयी सांगितलेला मजकूर आहे. पहिल्या शेवटात सुडाची किंमत ठाकूर भोगतो. दुसऱ्यात कोणालाच काही भोगावे लागत नाही.

तालुक्याला पोहोचलेला ‘शोले’

मुंबईच्या मिनर्व्हात ‘शोले’ पाच वर्षे चालला. ७० मिमी आणि स्टिरिओ आवाज ही मोठ्या शहरांतल्या मोजक्या थिएटरांची चैन. इतर सर्वांना ३५ मिमीची, एकसुरी आवाजाची प्रत मिळाली. चित्रपटाच्या प्रती आधी शहरांत, मग जिल्ह्याच्या ठिकाणी, मग तालुक्याला आणि सर्वांत शेवटी फिरत्या सिनेमाच्या तंबूत जात. तंबूत येईपर्यंत प्रत झिजलेली असे.

तिची झीज कशी होते, ते पाहण्यासारखे आहे. ३५ मिमीची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. १९८ मिनिटांचा ‘शोले’ म्हणजे जवळजवळ १८ हजार फूट, हजार फुटांची अठरा रिळे. दर खेळाला प्रत्येक रीळ गुंडाळायचे, उलगडायचे, लावायचे, काढायचे. फिल्म तुटली की दोन-चार चौकटी कापून टोके चिकटवायची. सर्वांत जास्त मार बसतो तो रिळाच्या सुरुवातीला आणि शेवटाला. म्हणजे चित्रपटाचा शेवट हा प्रतीतला सर्वांत नाजूक भाग. त्यातून १९७०च्या दशकातल्या रंगीत प्रतींचे रंग टिकाऊ नव्हते. त्यातला निळा-हिरवा आधी उडे आणि चित्र गुलाबी होत जाई. रामगढचा करडा खडक, गब्बरचा हिरवट गणवेश, बसंतीची चोळी, सगळ्यांवर एकच गुलाबी छटा. आपल्याकडच्या अनेकांच्या आठवणीतले जुने चित्रपट मुळात या रंगाचे नव्हतेच.

फिरत्या सिनेमाचा हा संसार महाराष्ट्रात २०१०च्या पुढेपर्यंत तग धरून होता. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी वर्षानुवर्षे त्याच्या मागे हिंडून केलेल्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटाची २०१६ साली कान महोत्सवात दखल घेतली गेली. ट्रकवरचा प्रोजेक्टर, कनातीची राहुटी, जमिनीवर मांडी घालून बसलेला प्रेक्षक आणि मध्येच तुटणारी फिल्म हे सारे त्यात आहे. डिजिटल प्रक्षेपण आल्यावर कारखान्यांनी ३५ मिमीच्या प्रती काढणेच थांबवले. तंबूला पडदा होता, गर्दीही होती, लावायला फिल्म मिळेना.

पडद्याशिवायही ‘शोले’ घरोघर गेला. पॉलिडोर कंपनीने संवादांची ध्वनिमुद्रिका काढली आणि पुढे तिच्या कॅसेट झाल्या. लग्नात, गणपतीत, चहाच्या टपरीवर कर्ण्यातून गब्बर बोलू लागला. ज्यांनी चित्रपट पाहिला नव्हता त्यांनाही तो पाठ होता. आधी आवाज घरी आला, चित्र मागून आले.

कॅसेटचे उपकार

१९८२च्या दिल्लीतल्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला आणि त्याच्या पाठोपाठ व्हीसीआर. गावागावांत ‘व्हिडिओ लावणे’ हा नवा व्यवहार सुरू झाला. टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा, वर्गणी काढायची आणि ओट्यावर मांडून रात्रभरात तीन-तीन पिक्चर पाहायचे. कॅसेटीवरून कॅसेट काढली जाई, तिच्यावरून आणखी एक. प्रत्येक नकलेत चित्र पुसट होई. सिनेमाचे प्रेमी म्हणत, हे काय पाहणे झाले! त्यांची तक्रार खोटी नव्हती.

पण १९९० साली ब्रिटनमध्ये ‘शोले’ची व्हीएचएस कॅसेट निघाली आणि तिच्यात मूळ शेवट होता. आणीबाणीने कापलेला तो भाग पंधरा वर्षांनी सामान्य प्रेक्षकाच्या हाती पहिल्यांदा आला, तोही देशाबाहेर राहणाऱ्या भारतीयांच्या दुकानांत. तिथून नकलांच्या मार्गाने तो कुठे कुठे गेला, याची वही कोणी ठेवलेली नाही. पुढे इरॉस कंपनीने डीव्हीडी काढल्या, त्याही दोन प्रकारच्या. एकीत सेन्सॉरने मान्य केलेली १९८ मिनिटांची, रुंद चौकटीची प्रत. दुसरीत २०४ मिनिटांची, मूळ शेवटाची प्रत, पण पूर्ण चौकटीची.

इथे एक गंमत झाली. पूर्ण चौकट म्हणजे दिवेचांनी काचेवर आखलेल्या रेघांच्या बाहेरचेही सारे. ज्याला दिग्दर्शकाचा शेवट हवा, त्याला दिग्दर्शकाने न योजलेली चौकट घ्यावी लागे. आणि ज्याला दिग्दर्शकाची चौकट हवी, त्याला सरकारचा शेवट. बरीच वर्षे या दोन अर्ध्या ‘शोले’मधून एक निवडण्यावाचून इलाज नव्हता.

याच काळात व्हीसीडीने उरलेसुरले घर गाठले. एका तबकडीत जेमतेम सव्वा तास मावे, म्हणून ‘शोले’सारख्या लांबलचक चित्रपटाला तीन तबकड्या. मध्यंतर कुठेही पडे. ‘खोटे सिक्के’च्या जातीचे कितीतरी डाकूपट आज पाहायला मिळतात, ते या पिढीतल्या कामचलाऊ नकलांवरूनच. कोपऱ्यात कंपनीचे चिन्ह, रंग उडालेले, कडा कापलेल्या. त्या नकलांबद्दल कृतज्ञ राहावे की हळहळावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आणि २०००च्या सुमाराला आपल्या शेजारच्या मालेगावात नासिर शेख या व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या माणसाने ‘मालेगाव के शोले’ काढला. कॅमेरा लग्नाच्या व्हिडिओचा, नट गावातले, डाकूंना घोड्यांच्या जागी सायकली. यंत्रमागावर राबणाऱ्या गावाने तो डोक्यावर घेतला. फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट आणि रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट यांमुळे ही गोष्ट आता जगाला ठाऊक आहे. लिओनेने अमेरिकी वेस्टर्न स्पेनच्या माळावर स्वस्तात केला, सिप्पींनी तो रामनगरच्या खडकांत महागात केला आणि मालेगावने तो पुन्हा स्वस्त करून दाखवला. कॅसेट नसती तर हे घडले नसते. नासिर शेख यांनी दृश्यरचना शिकली ती पार्लरमध्ये येणाऱ्या कॅसेटी पाहून.

बोलोन्यातली दुरुस्ती

शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने आणि सिप्पी फिल्म्सने मिळून ‘शोले’च्या दुरुस्तीचे काम हाती घेतले, तेव्हा मूळ कॅमेरा निगेटिव्ह फार खराब झालेली आढळली. ७० मिमीची एकही प्रत शिल्लक नव्हती. पन्नास वर्षे ज्या चित्रपटाचे संवाद देशाला पाठ आहेत, त्याची ही गत! फिल्मचा ॲसिटेट पाया उष्णतेने आणि दमटपणाने विघटित होतो, त्यातून व्हिनेगरसारखा वास सुटतो आणि फिल्म आकसून वाकडी होते. डबा उघडल्यावर तो वास आला की समजावे, उशीर झाला आहे. आपल्याकडचा उन्हाळा माणसालाच सोसत नाही, तिथे बंद गोदामातल्या फिल्मचे काय होणार?

शेवटी काम झाले ते निगेटिव्हवरून पुढच्या पायरीवर काढलेल्या मधल्या प्रतींवरून. एक पॉझिटिव्ह आणि दोन रंगीत रिव्हर्सल प्रती ब्रिटनमधल्या साठवणीत मिळाल्या, आणि १९७८ची आणखी एक पॉझिटिव्ह सिप्पींनी फाउंडेशनकडे जपायला दिलेली होती. बोलोन्याच्या ल’इम्माजिने रित्रोवाता या प्रयोगशाळेत चौकट न् चौकट साफ झाली. २.२ची रुंदी परत आली, मूळ शेवट आला आणि वगळलेली दोन दृश्येही आली. चौकट आणि शेवट असे दोन्ही दिग्दर्शकाच्या मनाप्रमाणे एकाच प्रतीत पहिल्यांदा एकत्र आले.

या कामाचे मोल मोठे आहे. त्याबरोबर एक प्रश्नही येतो. दुरुस्ती करणारा दर वेळी एक निवड करतो की अनेक प्रतींपैकी ‘खरी’ कोणती. इथे निवड दिग्दर्शकाच्या बाजूने झाली आणि त्याच्यावर झालेला अन्याय पाहता ती योग्य आहे. पण १५ ऑगस्ट १९७५पासून पुढची पंधरा वर्षे लोकांनी पाहिला तो पोलिसांचा शेवट. समीक्षकांनी लिहिले ते त्यावर, पोरांनी गल्लीत नाटक केले ते त्याचे. आणीबाणीत सरकार पडद्यावर काय लिहवून घेत होते, याचा तो एक धडधडीत पुरावा आहे. उद्या तोच कुठे सापडेनासा झाला, तर सेन्सॉरने केलेले आपण सेन्सॉरसाठीच पुसून टाकल्यासारखे होईल. दोन्ही शेवट सारख्याच निगुतीने जपले पाहिजेत, पहिला कलाकृती म्हणून आणि दुसरा दस्तऐवज म्हणून.

उरलेले डबे

‘शोले’ला सिप्पी होते, फाउंडेशन होते, पन्नासाव्या वर्षाचे निमित्त होते. ‘मोसगाळ्ळकु मोसगाडु’ला कृष्णा यांचे चाहते होते. त्यांच्या जयंतीला, ३१ मे २०२३ रोजी, तो नव्या प्रतीत पुन्हा लागला. रामसे बंधूंच्या भयपटांनाही परदेशातल्या हौशी कंपन्यांनी निगुतीने तबकड्यांवर आणले. पण याच गल्लाभरू कुळातल्या, दोन आठवडे चालून तालुक्या-तालुक्यांत झिजलेल्या डाकूपटांना वाली कोण? त्यांचे निर्माते गेले, कंपन्या बुडाल्या, हक्क कुणाकडे आहेत ते वारसांनाही माहीत नसते.

पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४चे. पी. के. नायर यांनी तिथे चांगला-वाईट असा भेद न करता चित्रपट जमवले, कारण आज टाकाऊ वाटणारे उद्या अभ्यासाला लागते हे त्यांना कळत होते. डुंगरपूर यांनी ‘सेल्युलॉइड मॅन’ (२०१२) हा माहितीपट त्यांच्यावरच केला. पुण्यातच जानेवारी २००३मध्ये लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या, हेही आपण पाहिले आहे. एका शहरातले एक संग्रहालय सगळ्यांना पुरे पडणार नाही.

आपल्यासारख्या जिल्ह्यांतून फिल्मची दुरुस्ती होणे शक्य नाही, त्याला थंड कोठारे आणि कोट्यवधी रुपये लागतात. पण फिल्मभोवतीचे कागद आपल्याकडेच आहेत. भुसावळला सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचे मुख्यालय आहे. खानदेशातून जाणाऱ्या रेल्वेने फिल्मच्या पेट्या किती वर्षे ये-जा करत होत्या. बंद पडलेल्या टॉकीजच्या माळ्यावर तिकिटांचे हिशोब, करमणूक कराच्या वह्या, वितरकांची पत्रे, हाताने रंगवलेले फलक अजून पडलेले असतील. कोणता डाकूपट कोणत्या आठवड्यात किती खेळ चालला, बाजाराच्या दिवशी गल्ला किती वाढला, हे त्या वह्यांवरून समजू शकते. सातपुड्यातून बाजाराला आलेल्या प्रेक्षकाने रामगढचा डोंगर कसा पाहिला, या प्रश्नाचे उत्तर मिळण्याची शक्यता असली, तर ती या वह्यांत आणि आज सत्तरीत असलेल्या माणसांच्या बोलण्यात आहे. टॉकीज पाडून संकुल उभे राहते, तेव्हा हे कागद आधी रद्दीत जातात. ते तेवढे आधी उतरवून घेणे एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला किंवा तालुक्याच्या वाचनालयाला सहज जमण्यासारखे आहे.

गब्बर मेला की पकडला गेला, याचे उत्तर आपण पाहिलेली प्रत कुठून आली यावर अवलंबून राहिले. सरकारने कापलेले एका कॅसेटने राखले आणि पन्नास वर्षांनी प्रयोगशाळेने उजळले. ‘शोले’च्या बाबतीत हे साधले, कारण कुठे ना कुठे एक प्रत उरली होती. बाकीच्या डाकूंचे शेवट आपल्याला कधी कळतील की नाही, हे त्यांच्या कोणत्या रिळाला अजून व्हिनेगरचा वास लागलेला नाही, यावर ठरेल.